सरपण कोणाचे, चूल कोणाची?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मंडळाच्या नाटकांविषयी, गणेशोत्सवांविषयी आणि दिवंगत कार्यकर्त्यांविषयी लिहिण्यास आमच्याहून अधिकारी अशी मंडळी पुष्कळ आहेत. आम्ही संपादकांच्या अनुमतीने जरा वेगळा विषय निवडला आहे. घरातील दिवा आणि चूल ज्या सरपणावर चालते, ते सरपण कोणाच्या हातून येते आणि त्याचे मोल कोण चुकविते, हा तो विषय होय. आजकाल हवामानबदल आणि ऊर्जासुरक्षा हे शब्द दररोज वर्तमानपत्रात दिसतात. ते शब्द नवे असले तरी त्यांमागील भांडण जुने आहे. त्या भांडणाचे काही महत्त्वाचे प्रसंग मराठी मुलखात आणि आपल्या या नर्मदाकाठी घडले आहेत.

मंडळाचा जन्म झाला त्या काळाच्या आगेमागे काय घडत होते, ते प्रथम पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत १२ डॉलरच्या घरात गेला. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्राखाली तेल शोधून काढले. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे अणुचाचणी झाली. आणि त्याच सुमारास जबलपूरपासून थोड्याच अंतरावर, बरगी येथे, नर्मदेवर धरण बांधण्याचे काम सुरू झाले. एरवी या चार घटनांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या मते संबंध आहे, आणि तो समजण्यासाठी आणखी शंभर वर्षे मागे गेले पाहिजे.

जबलपूरचे आजचे रूप रेल्वेने घडविले. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग येथे जोडले गेले, तेव्हा मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे प्रथमच लोहमार्गाने एक झाली. पण इंजिन चालायचे तर कोळसा हवा. नरसिंहपूर जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मोहपानी येथे ‘नर्मदा कोल अँड आयर्न कंपनी’ १८६० च्या दशकापासून कोळसा काढत होती. पुढे १९०४ मध्ये ती खाण खुद्द जी. आय. पी. रेल्वेने विकत घेतली. चांदा जिल्ह्यात वरोड्याची सरकारी खाण होती, रेवा संस्थानात उमरियाची होती. म्हणजे ज्या गाडीतून आपल्यापैकी अनेकांचे पणजोबा नोकरीनिमित्त या प्रांतात उतरले, तिचे सरपण बव्हंशी याच डोंगरांतले होते.

मुंबईच्या गिरण्यांचे तसे नव्हते. मुंबईजवळ कोळसा नाही. बंगालचा कोळसा अर्धा देश ओलांडून येई, म्हणून महाग पडे. विलायती आणि पुढे दक्षिण आफ्रिकेचा कोळसा समुद्रमार्गे बंदरात उतरे. १९२० च्या दशकात तर मोठा चमत्कारिक वाद माजला. दक्षिण आफ्रिकेचे सरकार आपल्या निर्यातीच्या कोळशास सवलती देत असे, त्यामुळे तो कोळसा मुंबईत स्वस्त पडे आणि बंगाल-बिहारच्या खाणवाल्यांचे नुकसान होई. त्याच दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांस माणुसकीची वागणूक मिळत नव्हती. तेव्हा त्या कोळशावर जादा जकात बसवा, अशी मागणी मध्यवर्ती कायदेमंडळापर्यंत गेली. परक्या देशाचे स्वस्त इंधन घ्यावे की स्वाभिमान राखावा, हा प्रश्न आपल्यापुढे प्रथमच आला असे मानणाऱ्या तरुण मित्रांनी हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

मुंबईच्या या परावलंबनावर तोड काढली ती टाटांनी. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस उदंड आणि खाली कोकणात सरळ उतार, तेव्हा पाणी अडवून घाटाखाली सोडले तर कोळशावाचून वीज होईल, ही कल्पना जमशेटजींच्या हयातीतली. ती त्यांच्या मागे फळास आली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली. धूर नाही, राख नाही, आणि बाहेरच्या कोणाची मिनतवारी नाही. आजच्या परिभाषेत जिला ‘स्वच्छ ऊर्जा’ म्हणतात, ती हीच. लोणावळ्यानंतर आंध्रा खोरे झाले, आणि मग पाळी आली मुळशीची.

मुळशी पेट्यात निळा व मुळा या नद्यांच्या खोऱ्यात सुमारे पन्नास गावे होती. भातशेती करणारे मावळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेले. खाजगी कंपनीसाठी सरकारने भूसंपादनाचा कायदा चालविला, कारण मुंबईस वीज मिळणे हे ‘सार्वजनिक हित’ ठरले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, शेकडो शेतकऱ्यांनी धरणाच्या जागी जाऊन काम बंद पाडले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या सत्याग्रहाने ‘सेनापती’ झाले, हे सर्वश्रुत आहे. पण हे गृहस्थ शिष्यवृत्ती मिळवून स्कॉटलंडात यंत्रशास्त्र शिकावयास गेले होते, हे फारसे लक्षात राहत नाही. यंत्र म्हणजे काय, वीज म्हणजे काय, हे त्यांस ठाऊक होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की मुंबईच्या गिरणीस वीज हवी म्हणून मावळ्याने आपले शेत का बुडवावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार मावळ्याखेरीज इतरांस कसा पोहोचतो?

लढा हरला. त्यास कारणे अनेक. जमिनींचे कागद पुष्कळदा पुण्यातील सावकारांकडे होते, आणि नुकसानभरपाईचा आकडा मनाजोगा होताच ते बाजूस झाले. बापटांस पुढे सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले. ते आजही चालू आहे, आणि मुंबईत राहणाऱ्या आपल्या आप्तांच्या घरी जो दिवा लागतो त्यात त्या पाण्याचा काही अंश असतो. टाटांचा द्रष्टेपणा खोटा नव्हता आणि मावळ्यांची तक्रारही खोटी नव्हती. इतिहास वाचताना एकाच बाजूस सत्य असावे असा आपला हट्ट असतो, तो येथे चालत नाही.

आता तारापूरकडे वळू, कारण इंधन आणि परराष्ट्रकारण यांची गाठ कशी पडते याचा त्याहून उत्तम धडा आम्हांस ठाऊक नाही. १९६३ मध्ये भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. त्यान्वये तेव्हाच्या ठाणे (आताच्या पालघर) जिल्ह्यातील तारापूर येथे अमेरिकन बनावटीच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहावयाच्या होत्या, आणि त्यांस लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेनेच तीस वर्षे पुरवावयाचे होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या भट्ट्यांतून वीज मिळू लागली. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांस ती मिळे. कोळशाच्या खाणींपासून दूर असलेल्या पश्चिम किनाऱ्यास ही मोठीच सोय वाटली.

मग पोखरण झाले. त्या चाचणीत तारापूरच्या भट्ट्यांचा काहीही संबंध नव्हता. प्लुटोनियम आले होते ते तुर्भ्याच्या, कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या, ‘सायरस’ भट्टीतून. पण शिक्षा तारापूरला झाली. १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदा केला आणि जे राष्ट्र आपल्या सर्व अणुकेंद्रांची तपासणी करू देणार नाही त्यास इंधन द्यावयाचे नाही, असे ठरविले. आपल्या कायद्याने आपणच केलेला करार मोडता येतो काय, यावर वर्षानुवर्षे खलिते फिरले. १९८० मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी ३८ टनांचा एक हप्ता पाठविण्याचे ठरविले, तेव्हा सिनेटात त्यास अवघ्या दोन मतांच्या फरकाने, ४८ विरुद्ध ४६, संमती मिळाली. मुंबईच्या लोकलगाड्यांत लटकत जाणाऱ्या चाकरमान्यास आपल्या घरच्या पंख्याचे भवितव्य वॉशिंग्टनच्या मतदानावर टांगले आहे याची सुतराम कल्पना नव्हती.

१९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या अमेरिका-भेटीत तोडगा निघाला: कराराच्या चौकटीत राहून इंधन फ्रान्सने द्यावे. फ्रान्सने दिले. करार संपला, तेव्हा फ्रान्सही थांबला. मग १९९५ मध्ये कोणी दिले? चीनने. त्यानंतर २००१ मध्ये रशियाने. म्हणजे एकाच चुलीसाठी आपण क्रमाने अमेरिका, फ्रान्स, चीन आणि रशिया या चार दारांत उभे राहिलो, आणि ही चारही दारे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार बाळगणाऱ्यांची. योगायोग म्हणावा तर म्हणावा.

यातून आपल्या शास्त्रज्ञांनी जो बोध घेतला तो महत्त्वाचा आहे. पुढील बहुतेक अणुभट्ट्या त्यांनी अशा बांधल्या, की ज्यांत समृद्ध नव्हे, नैसर्गिक युरेनियम चालते. तारापूरच्याच तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, या प्रकारच्या आहेत. त्या २००५ व २००६ मध्ये सुरू झाल्या. हे तंत्र आता पुष्कळसे आपले आहे, आणि ही गोष्ट निःसंशय अभिमानाची. परंतु या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. स्वावलंबनाचा खर्चदेखील अखेर कोणत्या तरी गावाच्या नावे लिहिला गेला.

हवामानाच्या राजकारणात भारताची भूमिका काय होती, हे येथे सांगितले पाहिजे. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे पर्यावरणावरील जागतिक परिषद भरली, तेव्हा इंदिरा गांधींनी श्रीमंत राष्ट्रांच्या तोंडावर दारिद्र्याचा प्रश्न मांडला. १९९२ मध्ये रिओ येथे हवामानबदलाचा मूळ करार झाला, आणि त्यात ‘जबाबदारी सर्वांची, परंतु सारखी नव्हे’ हे तत्त्व आले. ज्यांनी दीडशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती केली त्यांनी अधिक भार उचलावा, आणि ज्यांनी अजून पोटभर वीज पाहिली नाही त्यांच्यावर तो लादू नये, हा त्याचा मथितार्थ. १९९७ च्या क्योटो करारात म्हणूनच भारतावर बंधन नव्हते. अमेरिकन सिनेटने त्याआधीच ९५ विरुद्ध ० मतांनी असा करार नको असे ठरवून टाकले होते, आणि २००१ मध्ये त्या देशाने अंग काढून घेतले. २०१५ च्या पॅरिस करारातून तो २०२० मध्ये बाहेर पडला, २०२१ मध्ये परत आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे कोळसा ‘संपविणे’ हा शब्द बदलून ‘कमी करणे’ असा करावा, असा आग्रह भारताने धरला आणि मोठा गहजब झाला. आमच्या मते तो आग्रह अनाठायी नव्हता. ज्या देशाचा दरडोई धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी, त्याने शब्दांत सावध असणे योग्यच. त्याच परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचनही भारताने दिले.

तसेच इंधनासाठी जाब विचारण्याची रीतही संपलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियाचे तेल घेतल्याबद्दल अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त आयातकर बसविला. सूर्य कोणाच्या मालकीचा नाही म्हणावे, तर सूर्याची वीज करणाऱ्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर चीनमधून येत राहिल्या. गलवानच्या चकमकीनंतर दोन वर्षांनी, १ एप्रिल २०२२ पासून, आपण त्यांवर ४० टक्के जकात लावली. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढेच.

रिओमध्ये भारताने जो युक्तिवाद मांडला, तो आम्ही जेव्हा नीट वाचला तेव्हा आम्हांस मुळशीची आठवण झाली. ज्याने वापरले त्याने भरावे, ज्याने वापरले नाही त्याच्याकडून वसूल करू नये, आणि ठरवताना त्यास विचारावे. मावळ्यांचे म्हणणे याहून निराळे काय होते? राष्ट्राराष्ट्रांच्या सभेत आपण जे न्याय्य म्हणून मागतो, ते आपल्याच देशातल्या खोऱ्यांस देण्याची वेळ आली की आपली जीभ अडखळते. फायलींच्या सहवासात जन्म काढलेल्या आम्हांस हे चांगले ठाऊक आहे, की ‘राष्ट्रहित’ हा शब्द लिहिला की पुढचा परिच्छेद बहुधा कोणी वाचत नाही.

नर्मदेच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या दारात आली. १९६९ मध्ये नर्मदा जलविवाद लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा निवाडा जाहीर झाला. नदीच्या २८ दशलक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्रास अवघे पाव दशलक्ष मिळाले. पण सरदार सरोवराच्या विजेत वाटा मिळाला तो १०० पैकी २७ चा. मध्य प्रदेशास ५७ आणि गुजरातेस १६. येथील मराठी माणसाने मनात बेरीज केली तर मूळचा प्रांत आणि राहता प्रांत मिळून ८४ टक्के वीज ‘आपली’ झाली! परंतु या विजेसाठी महाराष्ट्रातील, आता नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बुडिताखाली आली. त्यांतले पहिले मणिबेली. हा प्रकल्प पुढे थेट जागतिक राजकारणात गेला: १९८५ मध्ये जागतिक बँकेने ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, १९९२ मध्ये बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने पुनर्वसनावर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळविले. कर्ज नाकारण्यात स्वाभिमान होता हे खरे. परंतु मणिबेलीच्या माणसास पैसा वॉशिंग्टनचा की गांधीनगरचा, याने काय फरक पडणार होता?

बरगीसाठी एवढाही गाजावाजा झाला नाही. नर्मदेवर बांधलेल्या मोठ्या धरणांत ते पहिले. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. वीज निघाली ती ९० मेगावॉट. उठलेल्यांत गोंड आदिवासी पुष्कळ. १९९० च्या सुमारास आपल्या शहरात सायकलरिक्षा ओढणाऱ्यांत, बांधकामांवर विटा वाहणाऱ्यांत या गावांची माणसे होती. राइट टाउन, नेपियर टाउन येथून सराफ्यात किंवा स्टेशनवर जाताना आपण ज्यांच्याशी आठ आण्यांसाठी हुज्जत घातली असेल, त्यांतील काहींची शेते आपल्या घरच्या दिव्याखाली बुडालेली होती. मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे मुख्यालय जबलपुरात असल्याने हे शहर प्रांताची विजेची राजधानी म्हणून मिरवीत आले, आणि ज्यांनी विजेसाठी सर्वस्व दिले तेही याच शहराच्या फुटपाथवर आले.

ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्र सरकारने मंडला जिल्ह्यातील चुटका या गावी अणुवीज केंद्रास तत्त्वतः मान्यता दिली. प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन भट्ट्या, इंधन नैसर्गिक युरेनियम, पाणी बरगीच्या जलाशयाचे. तारापूरला शिकलेला धडा येथे पूर्णपणे वापरलेला आहे: परक्याच्या समृद्ध युरेनियमाची गरज नाही, आणि धुराचा प्रश्नच नाही. देशास अशा विजेची गरज नाही, असे आम्ही म्हणणार नाही. पण चुटका, टाटीघाट, कुंडा या गावांतील लोक बरगीच्या पाण्याने आधीच एकदा उठून वर सरकलेले होते. त्यांना आता दुसऱ्यांदा उठावयाचे होते. २०१३ मध्ये जाहीर सुनावणी ठरली आणि विरोधामुळे पुढे ढकलली गेली; पुन्हा ठरली, पुन्हा ढकलली गेली; अखेर १७ फेब्रुवारी २०१४ रोजी, कडेकोट बंदोबस्तात, ती पार पडली. तेथे लोकांचे म्हणणे बहुतांशी हेच, की बरगीच्या वेळी दिलेल्या वचनांचा हिशेब आधी द्या.

याउलट एक उदाहरण सांगणे उचित होईल. नर्मदेवरच ओंकारेश्वरच्या जलाशयात पाण्यावर तरंगणाऱ्या सौर पट्ट्या बसविल्या गेल्या, आणि २०२४ मध्ये पहिल्या टप्प्याची २७८ मेगावॉट क्षमता उभी राहिली. म्हणजे बरगीच्या तिपटीहून अधिक, नवे गाव न बुडविता. मात्र त्या पाण्यात मासे धरणाऱ्यांची जाळी कोठे पडावी, हा प्रश्न तेथेही निघालाच.

बरगीचे विस्थापित दर वर्षी एक मागणी करीत आले आहेत, ती मात्र आम्हांस सर्वांत समजण्यासारखी वाटते. पावसाळ्यानंतर जलाशय भरला की त्यांची जुनी शेते पाण्याखाली असतात. पाणी ओसरते तशी काठची जमीन उघडी पडते, ओली, गाळाची, उत्तम. पाणी वेळेवर उतरविले तर तेथे गहू-हरभरा पेरता येतो. उशिरा उतरविले तर हंगाम निघून जातो. पाणी केव्हा सोडावयाचे याचा हुकूम अर्थातच वीज आणि कालवे यांचा विचार करून निघतो. लोकांचे मागणे असे, की हुकूम काढताना पेरणीची तारीखही पाहावी.